चांद्याचा नवस आणि माझं आमेन

"तुमी पाळक हाय म्हनता, मग मेंढरं कुठं हायती तुमची?"

जामखेडच्या रस्त्याला माझी मोटरसायकल पंक्चर झाली होती आणि एक म्हातारा धनगर शेजारी उकिडवा बसून माझी चौकशी करत होता. मी म्हटलं, "बाबा, माझी मेंढरं दोन पायांची आहेत." म्हातारा जरा विचारात पडला. मग म्हणाला, "मग लई वंगाळ काम. चार पायांची निदान शिट्टी घातली की वळत्यात." उभं आयुष्य मी या कामात घालवलं, पण माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ख्रिस्ती मंडळीचा जो धर्मगुरू, त्याला आमच्या नगर जिल्ह्यात पाळक म्हणतात. शहरातल्या पाळकाला एक मंदिर असतं (चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो) आणि घंटा वाजवायला माणूस असतो. खेड्यातल्या पाळकाला पाच-सहा वाड्या, एक मोटरसायकल आणि कंबरदुखी असते. बाप्तिस्मा, लग्न, मयत ही दिसणारी कामं. न दिसणारी संपता संपत नाहीत. दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसा, भावाभावांचा बांधावरचा तंटा मिटवा, रुसून गेलेल्या सुनेला आणायला सासऱ्याबरोबर जा. शिवाय दर रविवारी प्रवचन आहेच. प्रवचनात माणसं डुलक्या घेतात याचा मला पहिली काही वर्षं फार राग यायचा. मी मुळात तापट. आवाज चढवायचो, पुस्तकावर थाप मारायचो. पुढे लक्षात आलं की आठवडाभर उन्हात राबलेल्या माणसाला तेवढीच एक सावलीतली जागा मिळते. मग मी आवाज खाली आणला.

आता मी निवृत्त होऊन केडगावात राहतो. नाताळ अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "सेवेतल्या आशीर्वादांबद्दल लिहा." मी एका बोकडाबद्दल लिहितो आहे. त्यांनी सांभाळून घ्यावं.

बोकडाची गोष्ट जामखेडकडची. पण तिचं बी पडलं ते देवळाली प्रवऱ्याला, माझ्या सुरुवातीच्या दिवसांत. तिथे रंगनाथतात्या म्हणून उसाचे शेतकरी माझे शेजारी होते. हिंदू माणूस, पण नाताळला आमच्या मंदिरात पहिल्या बाकावर. वाचनाची भारी आवड. मी त्यांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, भेट दिलं तर त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आमच्यातले किती जण तसं वाचतात देव जाणे! दोनेक महिन्यांनी तात्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा गंभीर.

"पाळकसाहेब, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"तुमचा देव पैल्यांदा बोकड, मेंढरं, बैल, पारवं, समदं घ्यायचा. पानंच्या पानं भरलीत. कुटला अवयव जाळायचा, रगात कुटं शिपडायचं, समदं बयाजवार. आन पुढं एकदम बंद! मदीच माळकरी कसा झाला वो?"

मी खो खो हसलो. मग शिकलेलं उत्तर दिलं: ख्रिस्तानं क्रुसावर स्वतःचा प्राण दिला, तोच शेवटचा यज्ञ, तो एकदाच आणि सगळ्यांसाठी झाला, म्हणून आता जनावर नको.

तात्या मान हलवत म्हणाले, "त्ये वाचलंय म्या. शेवट कळला. सुरवात कळंना. मुळात जनावर कशापायी पायजे हुतं? देवाला काय भूक लागती?"

मी काहीतरी बोललो. काय ते आता आठवत नाही, म्हणजे आठवण्यासारखं नसणार. तात्या सभ्य माणूस, "बरं बरं" म्हणून उठले. पण तो प्रश्न मला खड्यासारखा टोचत राहिला. वर्षातून एकदा तरी त्या भागावर प्रवचन करायची वेळ येई आणि मी शेवट सांगून मोकळा होई. ऐकणाऱ्यांना बोकड समोर दिसत होता, मला नव्हता. मी शहरात वाढलेला, शेळीची धारसुद्धा कधी काढली नव्हती.

पुढे माझी बदली जामखेडच्या पलीकडे झाली. डोंगराच्या पायथ्याची कोरडी वाडी. दिवाळी झाली की धडधाकट माणसं टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर जायची आणि गावात उरायची म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेरडं. शेरडं म्हणजे शेळ्या.

सगुणाबाई तिथली. काटक, काळीसावळी, नाकावर राग. लेक आणि सून ऊसतोडीला गेली की नातीला ही सांभाळायची. नातीचं नाव रूथ, पण गावासाठी रुती. पहिलीत जाणारी, बडबडी. सगुणाबाईंची पाच-सहा शेरडं होती आणि त्यात एक तांबडा बोकड, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. त्याची आई तो जन्मल्यावर लगेच मेली होती. सगुणाबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता आणि तो शेळीमागं न जाता बाईंच्या मागं फिरायचा. मंदिरातही यायचा. दाराशी बसून प्रवचन ऐकायचा आणि एकदाही डुलकी घ्यायचा नाही.

त्या वर्षी टोळी गेल्यावर रुती आजारी पडली. ताप मेंदूत गेला. जामखेडहून तिला नगरच्या दवाखान्यात हलवलं. मीच बरोबर गेलो. पोर डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, आम्ही करतोय, तुम्ही प्रार्थना करा. डॉक्टर असं म्हणाले की पाळकही घाबरतो. लेक-सून निरोप मिळून निघाले होते, पण पोचायचे होते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी प्रार्थना केली. माझी संपली तरी सगुणाबाईंचे हात जोडलेलेच. ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. तेवढ्यात नर्स बाहेर आली आणि माझं लक्ष तिच्याकडे गेलं. इकडे बाईंचं पुटपुटणं थांबलं. आता आमच्या धंद्याची एक खोड सांगतो. कुणाची प्रार्थना थांबली की पाळकाच्या तोंडून आपोआप शब्द निघतो. माझ्याही निघाला. "आमेन."

आमेन म्हणजे तथास्तु, आमच्यातला सहीशिक्का. कशावर शिक्का मारतोय ते मी ऐकलंच नव्हतं.

रुतीनं डोळे उघडले. हळूहळू बसायला लागली, पेज मागायला लागली. घरी आली तेव्हा अंगावर मांस नव्हतं, पण बडबड होती तेवढीच होती. लेक-सून चार दिवस राहून टोळीकडे परतले. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, जाणं भाग होतं.

नाताळच्या दिवशी मंदिर गच्च भरलं होतं. पहिलं गीत संपलं आणि दारातून सगुणाबाई आत आल्या. एका हाताला रुती, दुसऱ्या हातात दोरी, दोरीला चांद्या. अंघोळ घातलेला, शिंगांना तेल आणि गळ्यात नाताळच्या चमकीची माळ. मधल्या वाटेनं तिघं सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पाळकसाहेब, आनला."

"काय आणलं, सगुणाबाई?"

"चांद्या. नवसाचा हाय. नगरच्या दवाखान्यात येशूबाबाला कबूल केल्ता. पोर उठू दे, चांद्या तुला. तुमीच तर आमेन म्हनलात!"

माझ्या हातातलं गीतपुस्तक खाली पडायचं राहिलं. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकलं. कुणी देवीला बोकड कबूल करतं, कुणी दर्ग्यावर कंदुरी करतं, आमच्या भागात हे नवं नाही. पण येशूला बोकड! असं माझ्या आधीच्या कुठल्याही पाळकानं ऐकलं नसेल. मी वेळ मारून नेली. "बांधा अंगणात. उपासनेनंतर बघू."

उपासनेनंतर पंच बसले. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी माणसं. एकानं सोपी वाट काढली. हंगामाच्या सणाला आमच्यात लोक ज्वारी, तूर, कोंबडी मंदिरात आणतात आणि अंगणात त्यांचा लिलाव होतो. तसाच याचा करू. सगुणाबाई फणकारल्या.

"इकायचा अस्ता तर जामखेडच्या बाजारात इकला नस्ता का? म्या जीव मागितला, जीव कबूल केला. जिवाला जीव. तुमी त्येच्या नावानं कापा."

"मंदिरात रक्त सांडायचं नाही," दिवाकर गुरुजी म्हणाले. हे आमच्या पंचांमधले वडीलधारे, निवृत्त शिक्षक. "आज बोकड, उद्या काय? प्रभूला नवस बोलणाऱ्या बाईला प्रभुभोजनाला बसू द्यायचं की नाही, ते आधी ठरवा पाळकसाहेब."

प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा आमचा सर्वांत पवित्र विधी. त्यातून वगळणं म्हणजे आमच्यात जवळपास वाळीत टाकणंच. काहीच ठरलं नाही. चांद्या मात्र मंदिराच्या आणि आमच्या घराच्या सामाईक अंगणातल्या लिंबाला बांधलेला राहिला, कारण सगुणाबाई त्याला परत न्यायला तयार नव्हत्या. "दिलेलं परत न्हेत न्हाईत," एवढं म्हणून त्या घरी गेल्या.

माझी पत्नी सुशीला म्हणाली, "तुम्ही आमेन म्हणालात ना? आता पाला तुम्हीच आणा." तर मी, पदवीधर पाळक, रोज सकाळी शेवरीचा पाला आणायला लागलो. चांद्यानं सुशीलाची तुळस खाल्ली, मंदिरातल्या टेबलाचं कापड चघळलं आणि एकदा माझ्या प्रवचनाचे कागद फस्त केले. सुशीला म्हणाली, "चला, एका तरी श्रोत्याला पचलं!"

सगुणाबाई रोज यायच्या. चांद्याजवळ बसायच्या, त्याच्या अंगावरच्या गोचड्या काढायच्या, आणि जाताना मला विचारायच्या, "कवा?" मी म्हणायचो, "बघू." त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसत होता. तो राग नव्हता, भीती होती, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाकर गुरुजींवर मी मनात चिडलो होतो. एका संध्याकाळी ते स्वतःच आले, लिंबाखाली खुर्ची घेऊन बसले आणि चांद्याकडं बघत बोलायला लागले.

"तुम्हाला वाटत असेल गुरुजी कडक आहेत. माझा आजा या गावच्या जत्रेत काय करायचा माहितीये? रेडा कापायचे. त्याचं मुंडकं डोक्यावर घेऊन गावाच्या शिवेवरनं फिरायचं काम आमच्या घराकडं होतं. रक्त तोंडावरनं ओघळायचं. गावाची पीडा जायची म्हणे, आणि आजा गावाबाहेरच राहायचा. त्यानं बाप्तिस्मा घेतला तो या कामातनं सुटायला. घरी येऊन अंघोळ केली आणि माझ्या बापाला म्हणाला, आता आपल्या अंगावर रक्त नाही." गुरुजींनी चष्मा पुसला. "म्हणून म्हणतो, दाराशी पुन्हा रक्त नको."

गुरुजींचंही खरं होतं आणि सगुणाबाईंचंही. मी दोघांचा पाळक, आणि मला कुणालाच काही सांगता येत नव्हतं. रंगनाथतात्यांची फार आठवण झाली त्या दिवशी.

उन्हं तापायला लागली तेव्हा रुतीला पुन्हा ताप आला. मी तिला आणि आजीला मोटरसायकलवर बसवून जामखेडच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी नीट तपासलं, घसा सुजलाय म्हणाले, औषध दिलं. "तसला ताप नाही हा, आजी. दोन दिवसांत पळायला लागेल." मी निर्धास्त झालो. परत आल्यावर सुशीलानं रुतीला आमच्याच घरी खाटेवर निजवलं. बघतो तर सगुणाबाई अंगणात लिंबाला बांधलेली दोरी सोडत होत्या.

"कुठं निघालात?"

"मुलान्याला सांगून आले. त्यो येतूय सुरी घिऊन." मुलाणी म्हणजे गावात बकरं कापून देणारा. "हितंच, मंदिराच्या पायरीवर. गुरुजींना काय करायचं ते करू द्या. मला भाकरीतनं काढा, मंडळीतनं काढा."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? घसा आहे."

"डाक्टरचं डाक्टरपाशी!" त्या माझ्यावर ओरडल्या. दवाखान्यात न रडलेली बाई रडायला लागली. "उसना आनलाय म्या पोरीचा जीव. कबूल केलं आन दिलं न्हाई. तुमी बघू बघू म्हनत ऱ्हायलात. आता मागायलाय त्यो. पोरीला माघारी मागायलाय!"

मी पायरीवर बसलो. इतके दिवस ही बाई या भीतीत झोपत होती, उठत होती, आणि मी पाला आणत होतो. कुठलं प्रवचन आता उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, "बसा. मुलाणी येईपर्यंत बसा. जुन्या काळी कसं करायचे ते सांगतो. मग तुम्हीच ठरवा."

त्या बसल्या. दोरी सोडली नाही.

"तेव्हा आपल्याच कळपातलं जनावर आणायला लागायचं. लंगडं, रोगट चालायचं नाही."

"ह्यो घरचाच हाय. खोट न्हाई कुटं."

"मग त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. ज्याचं जनावर त्यानं. आणि कापायचंही त्यानंच, आपल्या हातानं."

"मुलानी न्हाई?"

"नाही."

त्यांनी चांद्याकडं बघितलं. "ज्या हातानं पाला घातला त्येच हातानं?"

"त्याच."

"मग लई अवघड हाय की वो."

"अवघडच होतं. देवाला भूक नव्हती, सगुणाबाई. आणि ती लाचही नव्हती. देवानंच माणसाला जवळ यायला वाट दिली होती. पण हाताखाली ऊब लागली पाहिजे, म्हणजे माणसाला कळावं, की मी चुकतो, मी वाकडा वागतो, त्याची झळ दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाला लागते."

हे बोलताना माझं मलाच आश्चर्य वाटलं. तात्यांचा प्रश्न होता तो, आणि उत्तर मी आत्ता पहिल्यांदा ऐकत होतो.

सगुणाबाई उठल्या. म्हणाल्या, "ठिवते मग हात." त्यांनी चांद्याच्या पांढऱ्या ठिपक्यावर तळवा ठेवला. चांद्याला वाटलं, गोंजारतेय. त्यानं डोकं वर करून त्यांच्या हातात घुसळलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, ना पुढं ना मागं.

तेवढ्यात आतून रुतीची हाक आली, "आज्जे!"

दोरी तिथंच टाकून त्या आत धावल्या. मी दारात जाऊन उभा राहिलो. घामानं भिजलेल्या पोरीचं तोंड त्यांनी पदरानं पुसलं. मग दोन्ही तळवे तिच्या कपाळावरून गालांवरून खाली फिरवले, आपल्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. कडाकडा सगळी बोटं वाजली.

"तुजी इडापिडा मला लागू दे माजे बाय."

आपल्या भाषेत बोटं मोडण्याचे दोन अर्थ आहेत. कुणाच्या नावानं बोटं मोडली तर तो शाप. आणि लेकराच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर मोडली तर ती माया. माझ्या आईनं माझ्यावर हजारदा मोडली असतील. मी कधी थांबून बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

"सगुणाबाई, हे आत्ता काय केलंत?"

"काय केलं? बला घेतली पोरीची."

"तिची बला तुमच्यावर आली तर?"

"यिऊ दे की! त्येच्यासाटीच तर घेतली."

"भीती नाही वाटत?"

"भ्या कसलं? लेकरू हाय माजं."

मी खाटेजवळ खाली बसलो. म्हटलं, "मग ऐका. त्या सगळ्या बोकडांचा, मेंढरांचा अर्थ शेवटी हाच. माणसं पिढ्यान् पिढ्या जनावराच्या डोक्यावर हात ठेवत राहिली. आणि मग एक दिवस देवानं आपल्या सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. तुमची इडापिडा मला, म्हणाला."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "देवानं बोटं मोडली?"

"हो."

"कुनावर?"

"तुमच्यावर. माझ्यावर. गुरुजींवर. आणि नुसती बोटं मोडली नाहीत, बला खरंच घेतली."

"क्रुसावर?"

"क्रुसावर."

त्यांनी रुतीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग हळूच विचारलं, "मग त्यो मागायला येनार न्हाई?"

"तुम्ही रुतीची बला घेतलीत. उद्या तिला म्हणाल का, काढ आता बोकड, न्हाईतर देते परत?"

"तोंड जळो तुमचं, पाळकसाहेब!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की रुती हसली. "आसं कोन म्हनतं का लेकराला!"

"मग देव म्हणेल?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. अंगणात मुलाणी येऊन उभा होता. सगुणाबाई बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "आज नगं दादा. चा पिऊन जा." सुशीलानं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी रुती शाळेत गेली.

पण चांद्याचं काय? हा प्रश्न सुटला नव्हता, आणि तो सुशीलाच्या फुलझाडांच्या मुळावर आला होता. एक दिवस सगुणाबाईच म्हणाल्या, "भ्या गेलं. पन मला द्यायचं तर हाय. आनंदानं देऊ नये का?" तेव्हा मला शांत्यर्पण आठवलं. जुन्या अर्पणांत हे एक होतं, आभाराचं. त्यातला मोठा वाटा देणाऱ्यालाच परत मिळायचा, जेवणासाठी. अट एकच. त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही. आता एका घराला अख्खा बोकड एका दिवसात संपतो का? म्हणजे शेजारी बोलवावेच लागतात, गरीब बोलवावे लागतात, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही हाक मारावी लागते. देवाची ही युक्ती मला फार आवडते.

आम्ही यज्ञ केला नाही. जेवण केलं. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, टोळी परत आली होती, वाडी भरली होती. सकाळी मुलाण्याच्या घरी चांद्याला नेताना सगुणाबाई बरोबर गेल्या. मीही होतो. त्यांनी त्याच्या ठिपक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा बाबा. तुज्यावर कुनाचं काई न्हाई. जेवनासाटी चाललास." मग वळून न बघता चालू लागल्या. चालताना रडत होत्या, पण ते रडणं वेगळं होतं.

दिवाकर गुरुजींकडे त्या स्वतः गेल्या. "गुरुजी, नवस न्हाई. जेवान हाय. या." गुरुजी आले. पंगत बसली तशी धोतराचा सोगा खोचून वाढायला उभे राहिले. अख्खं गाव जेवलं, मुलाणी जेवला, आमचा तो धनगरही कुठून वास काढत आला. सगुणाबाईंनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. दूध पाजलेल्याला कसं खायचं, म्हणाल्या. गुरुजींनी त्यांच्याशेजारी बसून भाकरी-ठेचाच खाल्ला. त्याच आठवड्यात प्रभुभोजन होतं. सगुणाबाईंच्या हातात भाकर ठेवताना पहिल्यांदाच मला त्या भाकरीची ऊब जाणवली.

रंगनाथतात्यांना हे सगळं सांगायला देवळालीला जायचं फार मनात होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि त्यांच्याच मयतीला गेलो. आमचा देव माळकरी झाला नव्हता, तात्या. तो स्वतःच पंगतीत वाढला गेला. एवढं सांगायचं राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजींचा फोन आला. सगुणाबाई आता थोड्याच दिवसांच्या, तुमचं नाव काढतात. सुशीलाला घेऊन गेलो. दुपारची वेळ. त्याच घरात, दाराजवळच्या खाटेवर त्या होत्या. ओळखायला वेळ लागावा इतक्या बारीक झालेल्या. उशाशी रुती. ती आता नगरला नर्सिंग शिकते, सुट्टी काढून आली होती. आजीची नाडी बघत होती, ओठांना पाणी लावत होती, सगळं शांतपणे, शिकल्याप्रमाणे.

"आले का आमेनवाले?" सगुणाबाई मला बघून म्हणाल्या. "आता ऐकून म्हना हां."

मी प्रार्थना केली. या वेळी शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून त्यांचे ओठ बघत होतो. त्या काही मागत नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या.

प्रार्थना संपली आणि रुतीचा धीर सुटला. तिनं वाकून आजीच्या कपाळावरून, गालांवरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलांवर नेले. "आजे, तुजी इडापिडा..."

सगुणाबाईंनी हात वर केला. कुठून ताकद आणली कोण जाणे. नातीची मनगटं धरली आणि हळूहळू खाली आणली.

"मोडू नगं बोटं," त्या म्हणाल्या. "झालंय त्ये. त्येनं घेतलीया कवाच. तू नुसता हात धर."

रुतीनं हात धरला. मी आमेन म्हटलं. या वेळी ऐकून म्हटलं.